खाली याही हाय

तुर्भे गावच्या देवजी भोईराचा कुठल्याही बंद वस्तूवर विश्वास नव्हता. आहेरात आलेलं पाकीट असो, डॉक्टरनं कागदात गुंडाळून दिलेल्या गोळ्या असोत, नाहीतर दुकानदारानं त्याच्या डोळ्यांदेखत बूच काढलेली सोड्याची बाटली असो, देवजी आधी मान अर्धी वाकडी करायचा, डावी भुवई कपाळात चढवायचा आणि नाकातून एक लांब 'हूंऽऽ' सोडायचा. तो हूंकार सगळ्या गावाला पाठ होता. पोरं खेळता खेळता एकमेकांना करून दाखवायची. देवजीची बायको पुतळा तर सांगायची, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा पहिल्यांदा माझं तोंड बघून यांनी हेच केलं, भटजी मंत्र विसरला.

देवजीला हे लागलं त्याला कारण होतं. त्याचा सगळा जन्म उघड्यावरचा. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर. मिठाचे ढीग खाडीच्या काठाला उघडे, पडावात, म्हणजे मालाच्या होडीत, भरायचं तेही उघडं. माल काय आहे हे विचारायची कोणाला गरजच पडत नसे, अर्ध्या कोसावरून दिसायचा. तरणा असताना देवजी धक्क्यावर उभा राहून हातांच्या खुणांनी पडाव आत घ्यायचा. ओहोटीला खाडीत चिखल किती आणि पाणी किती हे काठावरच्याला दिसतं, सुकाणूवरच्याला नाही. देवजीचा उजवा हात पसरला की पडाव उजवीकडे, दोन्ही तळवे पुढे आले की जागच्या जागी. बोलायचं काम नाही. बोललेलं वाऱ्यानं उडून जातं, हात कुठं जात नाही, असं तो म्हणायचा.

मग सत्तर साल उलटल्यावर खाडीकाठच्या खाजणात मोजणीवाले आले. लाल-पांढऱ्या काठ्या रोवल्या, साखळ्या ओढल्या, तिपाईवरच्या दुर्बिणीतून गावाकडे बघत बसले. त्यांच्याकडे लाखेचा शिक्का मारलेला एक लिफाफा होता. तो गावासमोर उघडला तेव्हा कळलं, की मिठागर गावाचं राहिलेलं नाही. तेव्हापासून देवजीचा हूंकार लांबला तो कायमचा.

आणि अशा माणसाला ऐंशी सालानंतर नोकरी लागली ती कुठं, तर कंटेनरच्या यार्डात. भराव टाकलेल्या माळावर एका कंपनीनं तारेचं कुंपण घातलं आणि आत लोखंडाचे डबे आणून रचायला सुरुवात केली. खोलीएवढे डबे, लाल, निळे, गंजके, वर परदेशी अक्षरं, दाराला शिशाचं सील. जमिनी गेलेल्यांना कामावर घ्यायचं ठरलं होतं, त्यात देवजीचा नंबर लागला. क्रेनसमोर उभं राहून खुणा करायच्या. हातात एक लाल निशाण, एक हिरवं. पडावाच्या जागी डबा आला, एवढाच फरक.

पण तो फरक देवजीला पचेना. पहिल्या दिवशी त्यानं एका डब्याला कान लावला. मग वास घेतला. मग बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं, बाजारात कलिंगड ठोकतात तसं. यात काय हाय म्हणून त्यानं ड्रायव्हरला विचारलं, ड्रायव्हर म्हणाला मालूम नहीं. वॉचमनला विचारलं, त्यालाही माहीत नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणाले जिथं जायचंय तिथं उघडेल तेव्हा कळेल. म्हणजे नेणाऱ्याला माहीत नाही, ठेवणाऱ्याला माहीत नाही, उचलणाऱ्याला माहीत नाही. संध्याकाळी पुतळाला त्यानं सांगितलं, की ज्यात लपवायचं काय नाय त्याला येवरं मोठं कुलूप लागत नाय. पुतळा भाकरी थापता थापता म्हणाली, की मासलीच्या टोपावं मी झाकन ठेवते ते तुमच्यापासून लपवायला नाय, मांजरापासून. देवजीनं टोपाकडे बघून हूं केलं.

तरी खुणा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. क्रेनच्या केबिनमध्ये रामसुमेर बसायचा, उत्तर प्रदेशातल्या बलियाचा, गालात कायम पान. पानामुळे त्याचे शब्द निम्मे आत राहायचे आणि निम्मे बाहेर पडायचे, पण त्याला बोलावं लागतच नसे. देवजीनं हात वर केला की डबा वर, अंगठा दुमडला की सावकाश, दोन्ही निशाणं छातीशी धरली की आकाशात लटकलेलं ते धूड श्वास रोखून थांबायचं. देवजीला त्या डब्यांचा संशय असला, तरी ते आपल्या हाताखाली नाचतात याचा अभिमानही होता. यार्डात पाहुणे आले की तो उगाच एखादी खूण जादा करायचा.

खाली डब्याला हूक लावायचं आणि डबा टेकायच्या जागी लाकडाचे ठोकळे मांडायचं काम वामन पाटलाचं. वामन कोपरखैरणे गावचा, आणि देवजीचा व्याही. देवजीची मुलगी गोजरा वामनच्या थोरल्या मुलाला दिली होती. त्यामुळे यार्डात दोघांची मोठी पंचाईत. व्याह्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. देवजीनं त्याला हाक मारायची तर 'ओ याही', आणि वामनही त्याला 'ओ याही'. दिवसभर त्या लोखंडाच्या गल्ल्यांतून दोन बाजूंनी 'ओ याही', 'काय याही' चालायचं. रामसुमेरला पहिले काही महिने वाटायचं की या लोकांचं एकच नाव आहे.

वरून मान, आतून खुन्नस. लग्नात वामनकडच्या लोकांनी वाढप्याला तीनदा हाक मारली आणि मटणाचा रस्सा पातळ आहे असं कोणीतरी म्हणालं, ते देवजीच्या कानावर आलं होतं. म्हणणारा कोण ते कळलं नव्हतं, म्हणून देवजीनं ते वामनच्या नावावर धरून ठेवलं होतं.

असं सगळं ठीक चाललेलं असताना सत्त्याऐंशी साली नंदकुमार आला.

नंदकुमार दादरचा, नवा सुपरवायझर. शर्टाच्या खिशाला दोन पेनं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला बोलताना दर वाक्याच्या शेवटी 'काय?' म्हणायची सवय होती. "भोईरमामा, आता आपण डबे तीन-तीन थर लावणार, काय?" देवजीला वाटायचं हा विचारतोय. तो म्हणायचा, काय नाय. "मग मागच्या रांगेत तुम्ही उभे राहिलात तर केबिनमधून दिसणार नाही, काय?" काय नाय. "म्हणून हेड ऑफिसनं वायरलेस सेट दिलेत, काय?" आणि त्यानं देवजीच्या हातात एक काळा ठोकळा ठेवला. वर काडी, पुढं जाळी, बाजूला बटण. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की पलीकडचा बोलतो. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं. देवजी म्हणाला, ओव्हर मंजे सा चेंडू ना, मंग पंच कोन? नंदकुमार हसला आणि पुढच्या कामाला गेला, पण देवजीनं ते चेष्टेत विचारलं नव्हतं.

सेट तीन होते. एक देवजीकडे, एक रामसुमेरच्या केबिनमध्ये, एक नंदकुमारच्या टेबलावर. तो तिसरा कशाला? देवजीला लगेच कळलं. ऐकायला.

त्यानं सेट नीट निरखला. अंगठा बटणावर नसला की त्यातून खरखर यायची, मधूनच कोणीतरी खोकायचं. म्हणजे तेव्हा तो जागा. अंगठा दाबला की एकदम चिडीचूप. म्हणजे तेव्हा तो झोपलेला. नंदकुमारनं जे सांगितलं ते नेमकं उलटं असणार, कारण सांगणारी माणसं तसंच करतात. म्हणून देवजीनं ठरवलं, की काम नसेल तेव्हा अंगठा दाबूनच ठेवायचा. चावऱ्या कुत्र्याचं तोंड धरून ठेवतात तसा तो दिवसभर त्या बटणावर अंगठा रोवून हिंडू लागला, आणि सेट झोपला आहे या भरवशावर मनातलं सगळं बोलू लागला.

ते सगळं टेबलावरच्या सेटमधून ऐकू यायचं. नंदकुमार, कारकून, चहावाला, सगळे काम थांबवून ऐकायचे. देवजी यार्डाच्या मागच्या रांगेत एकटा फिरतोय आणि डब्यांशी बोलतोय: यो लाल मागल्या हप्त्यात इकरंच होता, तिकरं कसा गेला, कोनी हलवला. यो निळा गोड वासाचा, आत काय तरी सरतंय. मधूनच ते प्रसिद्ध हूंऽऽ. रामसुमेर केबिनमध्ये पान थुंकून हसायचा. देवजीला सांगावं असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण रेडिओवर त्या वेळी एवढं चांगलं काही लागत नसे.

मग एका दुपारी चहाच्या टपरीवर नंदकुमार आणि वामन बोलताना देवजीला दिसले. नंदकुमारचा हात वामनच्या खांद्यावर होता. देवजी जवळ जाईपर्यंत बोलणं संपलं आणि वामननं न विचारता त्याच्यापुढं चहाचा ग्लास सरकवला. न मागता चहा. देवजी दिवसभर अस्वस्थ राहिला.

दुसऱ्या दिवशी नंदकुमारनं स्वतःच सांगून टाकलं. हूक लावणारा तिथंच असतो, सेट त्याच्याच हातात दिला तर तो थेट क्रेनशी बोलेल, मग खुणा करणारा वेगळा माणूस लागत नाही. आठवडाभर देवजी सेटवर बोलेल, पुढचा आठवडा वामन. जो नीट बोलेल त्याच्याकडे सेट राहील. दुसरा गेटवर, बांबू वर-खाली करायला. कोणाची नोकरी जाणार नाही, हे नंदकुमारनं दोनदा सांगितलं.

देवजीला नोकरीची भीती नव्हती. पण ज्याच्या हाताच्या इशाऱ्यावर एवढं धूड आकाशात थांबतं, त्यानं येणाऱ्या ट्रकला बांबू उचलून द्यायचा, आणि आतून व्याही हातात काडी धरून ओव्हर ओव्हर करणार. तेही सोसलं असतं, पण दिवाळीला गोजराकडे गेल्यावर वामनच्या ओटीवर बसून त्याच्या तोंडून हे ऐकावं लागणार, ते कसं सोसायचं? पुतळाला सांगितलं तर ती म्हणाली की मग बोलायला शिका, तोंड दिलंय देवानं. देवजी म्हणाला, की तोंडाचा प्रश्न नाय, यात याह्याचा हात हाय. तिला ते पटलं नाही. तिच्या मते वामनला स्वतःच्या बंडीची बटणं लावता येत नाहीत, तो कसले डाव टाकणार.

देवजीचा आठवडा सुरू झाला. तो सेटवर बोलायचा ते पोलीस ठाण्यात बोलल्यासारखं, ताठ उभं राहून, छापील. "रामसुमेरभाव, डबा वरती घेन्यात यावा, ओवर." रामसुमेर पलीकडून, "हां काका, लेत हईं, ओभर." आणि मधल्या वेळात अंगठा बटणावर, आणि तोंडातून वामनचा उद्धार. चहा पाजतो. खांद्यावं हात ठेवून घेतो. लग्नात रस्सा पातल बोलला तो पन हाच. याच्या डोक्यावं एकदा काय तरी परलं पायजे, तवा याला कलंल.

हे शेवटचं वाक्य टेबलावरच्या सेटमधून निघालं तेव्हा चहावाला हसून लोळायचा बाकी राहिला. कारकुनानं ते दिवसभर चार जणांना त्याच आवाजात म्हणून दाखवलं.

आठवड्याच्या शेवटी एक जड डबा मागच्या रांगेत टेकवायचा होता. तीन थरांच्या भिंतीआड, दोन रांगांमधल्या बोळात. केबिनमधून तो बोळ दिसत नव्हता, रामसुमेरला दिसत होता तो फक्त दोरांना लटकलेला डब्याचा वरचा भाग. वामननं हूक लावला होता आणि तो पुढे जाऊन बोळात ठोकळे मांडत होता. एक ठोकळा तडकलेला निघाला म्हणून तो बदलायला पुन्हा आत शिरला, वाकला, पाठ वर. देवजी बोळाच्या तोंडाशी, सेट छातीशी, अंगठा सवयीनं दाबलेला.

रामसुमेरनं नेहमीप्रमाणे विचारलं, जागा मोकळी आहे ना. त्याच्या भाषेत, "काका, जगह खाली है?"

देवजीचा अंगठा उठला तेव्हा 'काका' निघून गेला होता, 'जगह' निघून गेली होती. सेटमधून पान चघळल्यासारखे दोनच शब्द बाहेर पडले. "खाली है?"

खाली आहे? कोण खाली आहे म्हणून विचारतोय. देवजीनं बोळात बघितलं. खाली वामन होता. सरळ प्रश्न, सरळ उत्तर. नाव घ्यायचं नाही, म्हणून त्यानं छापील आवाजात सांगितलं:

"खाली याही हाय. ओवर."

पलीकडे रामसुमेरला ऐकू आलं, खाली ही है. अगदी मोकळी आहे. त्यानं दांडा सोडला.

डबा खाली येऊ लागला. देवजी बघतच राहिला. आपण सांगितलं खाली माणूस आहे, आणि हा डबा सोडतोय? पहिला विचार त्याच्या डोक्यात आला तो त्याच्या स्वभावाचाच: या दोघांचं आधी काहीतरी ठरलंय. आपल्याला घाबरवून, सेट नीट वापरता येत नाही असं दाखवून, वामन आता झटकन बाजूला होणार आणि सगळे हसणार. तो वामनच्या पायांकडे बघत राहिला, कधी हलतात ते. पाय हलले नाहीत. वामन ठोकळ्याच्या टोकाशी खटपट करत होता. मग डब्याची सावली त्याच्या पाठीवरून सरकून मानेवर आली. ज्याला खरंच डाव टाकायचा असतो तो एवढा वेळ वाकून बसत नाही.

सेटवर सांगून डबा थांबला नव्हता, म्हणून त्यानं तो फेकला. "ओ याही!" म्हणून ओरडला. क्रेनच्या घरघरीत वामननं ऐकलं की नाही कोण जाणे, पण त्यानं मान वर न करता मागं हात हलवला, थांबा जरा, आलो. दिवसभर ऐकलेली हाक, तिला कोण दाद देतो. देवजी पुन्हा ओरडला, वामननं पुन्हा हात हलवला. दोर करकरत होते. मग देवजीनं छाती भरून घेतली, धक्क्यावर पलीकडच्या पडावाला हाक घालायची तशी, आणि जी हाक त्याच्या सात पिढ्यांत कोणी व्याह्याला मारली नसेल ती मारली:

"ए वाम्याऽऽ! भायेर ये!"

वामन ताठ झाला. मागं वळला. तोंड लालबुंद. पन्नाशीचा माणूस, सुना-नातवंडांचा, आणि भर यार्डात मुलाचा सासरा वाम्या म्हणतो? तो ठोकळा तिथंच टाकून, मुठी वळून, सरळ देवजीच्या अंगावर चालून आला. "कोनाला बोललास रं? कोनाला वाम्या बोल्..."

मागं डबा टेकला. जमीन हादरली, आणि ज्या ठोकळ्यावर वामन वाकला होता त्याच्या ढलप्या उडून दोघांच्या पोटऱ्यांना लागल्या.

वामन वळून बघत राहिला. मग तिथंच खाली बसला. देवजीही बसला. फेकलेल्या सेटमधून रामसुमेरचा आवाज येत होता, बैठ गइल काका? ओभर? ओभर?

तोपर्यंत सगळं यार्ड धावत आलं. आणि मग जे सुरू झालं ते देवजीनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत केलं होतं, पण स्वतःच्या बाबतीत कधी भोगलं नव्हतं. लोक त्याच्याकडे बघू लागले. रामसुमेर शपथेवर सांगत होता की काकांनी मला खाली ही है म्हणून सांगितलं, ओव्हरसकट. कारकुनानं चहावाल्याकडे बघितलं. चहावाल्यानं हळूच ते वाक्य आठवलं, डोक्यावर काहीतरी पडलं पाहिजे. या वेळी कोणी हसलं नाही. दोघांतला एक गेटवर जाणार होता हे सगळ्यांना माहीत होतं. दुपारपर्यंत यार्डात देवजी जिथून जाईल तिथलं बोलणं थांबायचं, आणि तो पुढं गेला की मागून एक बारीक हूं ऐकू यायचा.

नंदकुमारनं तिघांना ऑफिसात बोलावलं. पत्र्याची खोली, मध्ये टेबल, त्यावर तो तिसरा सेट. नंदकुमार त्या दिवशी 'काय?' म्हणायचंही विसरला होता. त्यानं देवजीला विचारलं, की तुम्ही काय बोललात. देवजीनं सांगितलं: खाली याही हाय. रामसुमेरनं ते दोनदा पुटपुटून बघितलं, खाली याही हाय, खाली ही है, आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याचा जीव भांड्यात पडला, पण नंदकुमारचा पडला नाही. तो सावकाश म्हणाला, की भोईरमामा, एक गोष्ट अजून आहे. वामनमामांच्या डोक्यावर काहीतरी पडलं पाहिजे, असं तुम्ही म्हणाला होतात. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.

देवजीनं टेबलावरच्या सेटकडे बघितलं. म्हणजे तो ऐकत होता. त्याचा संशय पहिल्या दिवसापासून खरा होता. फक्त त्या कुत्र्याचं तोंड दाबून धरतोय असं समजून तो रोज स्वतःच त्याच्या कानात बोलत होता. त्याला एकदम सगळं आठवलं, डब्यांना दिलेल्या शिव्या, नंदकुमारच्या पेनांवर केलेल्या टीका, पुतळाबद्दल बोललेलं, आणि तो मान खाली घालून बसला. आपण मुद्दाम नाही केलं हे सांगून उपयोग नव्हता. कोणी असं सांगितलं असतं तर त्यानं स्वतः विश्वास ठेवला नसता.

नंदकुमार वामनकडे वळला. म्हणाला, की तुमचा जीव जाणार होता. तुम्ही म्हणाल ते मी वर कळवतो. तुम्हाला शंका आहे का?

वामननं वेळ घेतला. बंडीचं एक बटण चुकीच्या काजात होतं, ते सोडवून पुन्हा चुकीच्याच काजात घातलं. देवजीला तो वेळ सोसवेना. एवढा वेळ लागतोय म्हणजे हा हिशेब करतोय, आता सेट याच्याकडे, गेट आपल्याकडे, आणि गोजरा आयुष्यभर त्या घरात खाली मान घालून.

"याह्यांना मारायचं आसतं," वामन शेवटी म्हणाला, "तं ते गप र्‍हायले आसते. गप र्‍हायाला काय लागतं? वरडले कनाला? आनि वरडले ते काय वरडले, साहेब. माझ्या बापाच्या मागं मला वाम्या कोनी बोललं नाय. येवरी लाज सोरून मानूस कोनाला मारायला वरडत नाय."

नंदकुमारनं मान हलवली. मग म्हणाला की ठीक आहे, पण पुढच्या आठवड्यापासून सेट तुमच्याकडे.

"माझ्याकरं नको," वामन म्हणाला. "मी वाकलो का मला डोक्यावंचं दिसत नाय. हातात काडी दिली तरी दिसनार नाय. सेट याह्यांकरंच ठेवा. ते माझ्यावर येवरा संशय घेतात का दिसभर माझ्यावंनं नजर काढत नाय. मी खाली वाकून काम करायचं तं वर आसाच मानूस पायजे. भल्या मानसाचा काय भरवसा, तो चा प्यायला जाईल."

रामसुमेर तोंडातलं पान सांभाळत हसला. नंदकुमारनं थोडा वेळ खिडकीतून बाहेरच्या तीन थरांच्या भिंतीकडे बघितलं आणि मान्य केलं, की चूक आपलीही होती: बोळात माणूस असताना सेट एकट्याच्या भरवशावर चालणार नाही, आणि देवजीचं बटण दाबलेलं असतं हे माहीत असून हसत बसायला नको होतं. त्यानं तिथल्या तिथे नियम केले. खुणा करणारा माणूस राहील, सेटसकट. 'खाली' हा शब्द यार्डात बंद. खाली न्यायचं तर डाऊन, मोकळं असेल तर क्लिअर. सेटवर नातं लावायचं नाही, नाव घ्यायचं. आणि अंगठा बोलण्यापुरताच.

नाव घ्यायचं म्हटल्यावर दोघे व्याही एकमेकांकडे बघू लागले. वामन म्हणाला, की घ्या, आता काय राहिलंय घ्यायचं. पण पुढं राव लावा.

ते बाहेर पडले. उन्हात डबे तापून त्यांच्यातून टक् टक् आवाज येत होते. वामन तंबाखू मळत पुढे चालला होता. देवजी त्याच्या मागून, मग बरोबरीनं आला. बराच वेळ घुटमळून त्यानं विचारलं, की तुमी माझी बाजू का घेतली.

वामन म्हणाला, आत सांगितलं ना.

"ते आत सांगितलं. खरं काय ते सांगा."

वामननं तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि नुसता हसला. मग नवा ठोकळा खांद्यावर घेऊन तो बोळात शिरला आणि वाकला. वर दुसरा डबा दोरांना लटकून थांबला होता. देवजी बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. कनाला हसला यो? काय पायजे आसंल याला, गोजराच्या माहेरचं काय मागनार का? वामनच्या पाठीवरून, मानेवरून, हातांवरून त्याची नजर इकडची तिकडे झाली नाही, आणि जोवर वामन ठोकळा मांडून बोळाबाहेर येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला नाही, तोवर देवजीनं वरच्या डब्याला तसूभर हलू दिलं नाही.